मातीकामाचा तास

रोहा,
रविवार, १ सप्टेंबर २०२४

आदरणीय वत्सलाबाई यांना,
दीनाचा साष्टांग नमस्कार.

पत्र नमस्काराने सुरू करायचं असतं हे चौथीत तुम्हीच शिकवलंत, म्हणून केला. तुमची तब्येत बरी असेल, घरी सावनीवहिनी आणि नातू अनय मजेत असतील अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला सांगितलंय, पण ती दिवाळीनंतर बघू म्हणते. कुंडलिकेला पाणी भरपूर आहे, बाजारात मात्र शिरलेलं नाही.

ही पेण सोडून रोह्याला काय करते, असं तुम्हाला वाटेल. शुक्रवारी तुमच्या बालवाडीतून नथूला घरी नेलं, अंघोळ घातली आणि दुपारच्या एसटीने नागोठण्यावरून माहेरी आले. डॅनियलची कंपनीत सेकंड शिफ्ट होती, त्याला फोनवरच सांगितलं. आईने दारातच विचारलं, "काय गो, मधीच कशी आलीस? शाला नाय त्याला?" मी म्हटलं, गणपतीची सुट्टी लवकर लागली. तिने नथूकडे बघितलं आणि पानं घेतली. दोन घास खाऊन तो कॉटखाली जाऊन बसला. शब्बाथचा दिवा लावायला आईने हाक मारली, तरी बाहेर आला नाही. एरवी काडी ओढायला मीच हवा म्हणून भांडतो.

तुम्हाला फोनच करणार होते. पण फोनवर मी ओरडले असते, आणि तुमच्यावर ओरडायची माझी अजून हिंमत होत नाही. कागदावर होते.

तर शुक्रवारचं सांगते. तुमच्याकडे ते वेगळं पोचलं असेल, म्हणून माझ्याकडचं सांगते.

शिशुवर्गात मातीकाम होतं. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप आला की मुलांबरोबर जुना शर्ट पाठवा, शाडूने कपडे भरतील. मी डॅनियलचा कंपनीचा जुना शर्ट काढला, बाह्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या. नथूच्या तो घोट्यापर्यंत आला. तो घालूनच झोपला, सकाळी तोच घालून निघाला. रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता, "आज आमची माती हाय." पेणमध्ये राहणाऱ्या मुलाला गणपतीचे कारखाने काही नवे नाहीत. रोज येता-जाता तो दारात रेंगाळतो, मी हात ओढून नेते. पण ही माती त्याची स्वतःची असणार होती.

बारा वाजता आणायला गेले. मुलं एकेक करून बाहेर येत होती. कोपरापर्यंत पांढरी, कानात माती, केसांत माती. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्यावर कायतरी होतं, कुणाचा उंदीर, कुणाचा मोदक, कुणाचा नुसता गोळा. सगळ्यांत शेवटी नथू आला. शर्ट तसाच, मातीचा एक ठिपका नाही. हातात बिस्किटाचा पुडा. आणि खाली शर्टाचा घेर नि चड्डी ओली, शाळेतली कुणाची तरी जुनी चड्डी पिशवीतून डोकावत होती. ती त्याने घालू दिली नव्हती.

चंद्रावतीमावशींना विचारलं. त्या तुमच्या शाळेत मुलांचं हवं-नको बघतात, खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "त्याला मातीत बसवायचा नव्हता ना, म्हणून व्हरांड्यात चित्रं रंगवायला बसवला. मी बिस्किटं दिली. पण तो रंगवी नाय. जाळीला धरून उभा व्हता. मी काय केलं, मी काय केलं, असं इचारी." शू लागली तरी तो जाळी सोडून गेला नाही म्हणे. तिथेच झाली. ते बघून आतली मुलं हसली.

का नव्हता बसवायचा? तर म्हणे, "तुमच्यात मूर्ती चालत नाही ना," म्हणून.

बाई, आम्ही मूर्ती पुजत नाही, हे खरं आहे. आमच्यातले काहीजण तुम्हाला सांगतीलही की मुलाने मातीचा गणपतीसुद्धा करू नये. मी तशी नाही. पण मी कशी आहे, हे तुमच्या शाळेला कळायला एकच मार्ग होता. मला विचारायचं. रोज सकाळी त्या गेटवर मी उभी असते. मी म्हटलं असतं, त्याला वाटी करू दे, ट्रक करू दे, उंदीर करू दे, चिखल आहे तो. आणि समजा मी नको म्हटलं असतं, तर मीच त्याला आदल्या दिवशी मांडीवर घेऊन समजावलं असतं. शर्टाच्या बाह्या तरी कापल्या नसत्या.

जूनमध्ये नथू रोज रडायचा. तुम्ही मला सांगितलंत, गेटवरूनच जा, मागे वळू नकोस, आपोआप रुळेल. मी वळले नाही. जुलैत तो रडायचा थांबला. ऑगस्टमध्ये घरी येऊन गाणी म्हणायला लागला, 'आमच्या वर्गात' असं म्हणायला लागला. मुलाच्या तोंडून 'आमच्या' हा शब्द यायला किती दिवस लागतात, तुम्हाला मी काय सांगणार? तो तुम्ही एका सकाळी काढून घेतलात.

शनिवारी कॉटखालूनच त्याने मला विचारलं, "आई, आपण पाहुणे हाव का?"

मी विचारलं, कोण म्हणालं असं? तर अनय म्हणाला. अनयला त्याच्या आजीने सांगितलं होतं की नथू आपला पाहुणा आहे, त्याच्याशी नीट वागायचं. तुम्ही ते प्रेमानेच सांगितलं असेल. माझं माहेर अष्टमकर. अष्टमी या रोह्याच्या अंगालाच आहे. सासर वाक्रुळकर. वाक्रुळ तुमच्या पेण तालुक्यात आहे. आमच्या आडनावांत गावं आहेत ती कुठून आली असतील, बाई? प्रवेश घ्यायला आले तेव्हा तुम्ही हसत विचारलंत, "किती दिवस आहात इथे? अब्राहम बोलावत असेल ना तिकडे?" माझा भाऊ तिकडे इस्राएलला, अश्दोदला आहे, तो बोलावतो, हे खरं आहे. मी तेव्हा हसून सोडून दिलं. भाजीवाली विचारते, बँकेत विचारतात, डॉक्टर नाडी बघता बघता विचारतात. त्यात तुम्ही विचारलंत तर काय एवढं, असं वाटलं. एवढं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं.

आता मी काय केलं तेही लिहिते. मी गेटवर शिशुवर्गाच्या भूमिकाला बोलले. बोलले म्हणजे सगळ्या आयांसमोर तिला फाडून खाल्लं. ती हमरापूरची पोर, पहिलीच नोकरी, घरी गणपतींची रंगकामं चालू असताना शाळेत येते. तिला मी म्हटलं, तुला मूल झालं की कळेल. म्हटलं, तुझ्यासारख्या बाईच्या हातात मांजरसुद्धा देऊ नये. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हाताची माती वाळत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, मला सांगितलं तसं केलं."

आणि तिने ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं.

मी पण बघितलं, बाई. पडद्यामागे तुम्ही होतात. तुमची मोरपिशी साडी मला लांबून ओळखू येते. मी तुम्हाला बघितलं, तुम्ही मला बघितलंत, आणि पडदा नीट ओढून घेतलात.

हे लिहायचं नव्हतं. इतका वेळ दुसरंच लिहीत बसले. वाटलं, शाळेवर रागावते, भूमिकावर रागावते, म्हणजे तुम्ही त्यातून सुटाल. पण सुटत नाही. सांगणाऱ्या तुम्ही होतात. आणि एक बावीस वर्षांची पोर तुमच्या वाटणीचं ऐकून घेत असताना तुम्ही बाहेर आला नाहीत.

मला राग कशाचा आहे ते सांगू? दुसरी कुणी असती तर म्हटलं असतं, तिला येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही इथे रोह्याला शिकवत होतात, मी पहिलीत आले तेव्हा शनिवारी, शब्बाथचा विसाव्याचा दिवस म्हणून, शाळेत येत नसे. मुलं मला दीनवाणी म्हणत, मी बाकाखाली बसे. तुम्ही याच घरी आलात. आईसमोर खाली बसलात आणि विचारलंत, हिला घरी काय म्हणून हाक मारता, हिला काय आवडतं, शनिवारी काय असतं तुमच्याकडे. आईने सगळं सांगितलं. वर्गात बाहुलीचं लग्न दरवर्षी शनिवारी व्हायचं. ते तुम्ही शुक्रवारी घेतलंत. कारण कुणाला सांगितलं नाहीत. माझ्यासाठी घेतलंय हे मला कळलं ते दहावीत गेल्यावर, आईकडून. त्या दिवशी मी वरमाई होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं.

तेव्हा तुम्ही आमच्या घरी विचारायला आला होतात. मग आता काय झालं?

नथूला परत पाठवायचा की नाही, मी ठरवलेलं नाही. डॅनियल शुक्रवारी रात्री फोनवर म्हणाला, अब्राहमशी एकदा बोलून बघू या का. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

उत्तर पाठवा. फोन नको.

तुमची विद्यार्थिनी (हे काही खोडता येत नाही),
दीना



पेण,
मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४

वत्सलाबाईंना,
दीनाचा नमस्कार.

फोन नको लिहिलं होतं, तर तुम्ही फोनच केलात, आणि तोही मला नाही, डॅनियलला. तो भिडस्त आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात गैरसमज झाला, तो म्हणाला चालायचंच बाई. तुम्ही म्हणालात सुट्टीनंतर पाठवा, मी स्वतः लक्ष घालते, तो म्हणाला हो. मग मी त्याच्याशी भांडले, आणि तरी नथूला पाठवलं. घरात बसवून तो कुठला रुळणार होता?

तुम्ही लक्ष घातलंत. काल सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर त्याला खुर्चीवर उभं केलंत. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची निळी टोपी घातलीत. आणि सांगितलंत की हा आपला ज्यू मित्र. याचा देव वेगळा, याचे सण वेगळे, तरी आपण याच्याशी खेळायचं. मग टाळ्या झाल्या.

मला हे भूमिकाने नाही सांगितलं. तिच्याशी मी अजून धड बोलू शकत नाही. एका आईने सांगितलं, कौतुकाने. म्हणाली, किती छान केलं ना बाईंनी? ती माझ्याशी आता हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलते. जूनपासून हीच बाई माझ्याबरोबर पापलेटच्या भावावरून हुज्जत घालत होती.

तुमच्या त्या 'तरी'बद्दल मला बोलायचंय. कालपासून माझ्या डोक्यात तो एकच शब्द घुमतोय. तरी खेळायचं. म्हणजे न खेळण्याचं काहीतरी कारण होतं, ते त्या मुलांना तोवर ठाऊक नव्हतं, ते तुम्ही दिलंत. चार वर्षांची मुलं आहेत ती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की नथूला घसरगुंडी उलटी चढता येते आणि तो डब्यातली आंबोळी कुणाला देत नाही. काल त्यांना कळलं की तो वेगळा आहे आणि त्याच्याशी खेळणं हे चांगलं काम आहे. काल मधल्या सुट्टीत दोन मुलींनी त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. बाईंनी सांगितलंय म्हणून. त्याने शेवटी एकीला चावलं. बरं केलं, असं मी त्याला म्हटलं नाही, पण मनात आलं.

घरी आला आणि मला विचारलं, "आई, ज्यू म्हणजे आजार असतो का?"

मी त्याला मांडीवर घेतलं. त्याला ठाऊक होतं की शुक्रवारी दिवा लावतात, आजीकडे गोड पोह्यांचा नि फळांचा मलिदा होतो, त्यातले खजूर आपण सगळ्यांत आधी उचलायचे असतात. त्याला वाटत होतं सगळ्यांच्याच घरी असं असेल, किंवा नसेल, त्याने विचारच केला नव्हता. तो विचार तो करेल, मोठा झाला की. मी सांगीन, त्याचा बाप सांगेल, अब्राहममामा तर फोनवर तासभर सांगेल. खुर्चीवर उभं करून सांगायची काय घाई होती?

तुम्हाला वाटेल, ही कशानेच खूश होत नाही. वगळलं तरी ओरडते, कौतुक केलं तरी ओरडते. बाई, दोन्ही वेळा तुम्ही त्याच्याशी बोललात कुठे? त्याच्याबद्दल बोललात. आधी त्याच्या पाठीमागे आणि मग त्याला खुर्चीवर उभा करून.

त्याला काय हवंय ते मला तरी कुठे नक्की ठाऊक आहे? कदाचित घंटा वाजवायची पाळी हवी असेल. कदाचित खिडकीजवळ बसायचं असेल. कदाचित कुणी त्याच्यावर इतरांसारखंच ओरडावं असं वाटत असेल. जूनपासून तुमच्या शाळेत त्याला कुणी एकदाही ओरडलेलं नाही. पाहुण्याला कोण ओरडतं?

आणि एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी गेटवर भूमिकाने तुमच्या वाटणीचं ऐकलं. मी माझ्या वाटणीची माफी मागणार आहे. तुमची तुम्ही मागायला हवी, आणि त्याच गेटवर, त्याच आयांसमोर.

घरी या असं मी म्हणत नाही. घर तुम्हाला ठाऊक आहे.

दीना



पेण,
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय वत्सलाबाई यांना,
दीनाचा नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली, तुम्ही फराळाच्या गडबडीत असाल. सावनीवहिनींचा काल फोन आला होता. अनयच्या कोपराचं खरचटलेलं बरं होतंय म्हणाल्या. तुम्हाला फार लागलंय असंही म्हणाल्या, कोपराला नाही, मनाला. नथूने अनयला सॉरी म्हणावं अशी तुमची इच्छा आहे. त्याचं उत्तर देते, पण आधी मागचं लिहू द्या, कारण तुम्ही आमच्याकडून गेल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही नव्याच्या सणाच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी सकाळी आलात, तेव्हा माझा चिकाचा हलवा ऐन घट्ट होत होता. गव्हाच्या चिकाचं काय असतं, हात थांबला की खाली लागतो. त्यामुळे तुम्हाला बसाही म्हणता येईना आणि जाही म्हणता येईना. मनात दोन्ही होतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिलात आणि काही न सांगता विचारलंत, "दीना, मुलाने मातीकाम केलेलं तुमच्यात चालतं का?" एक महिना उशिरा विचारलेला प्रश्न तो. मी मान वर न करता म्हटलं, मला विचारू नका, त्याला विचारा. खरं तर मला तुम्हाला रडवायचं होतं.

तुम्ही त्याच्या खोलीच्या दाराशी गेलात. तो दार लावून बसला होता. तुम्ही दार ढकललं नाहीत. बाहेरूनच म्हणालात, "नथानियल, त्या दिवशी तू काही चुकला नव्हतास. माझं चुकलं. मी तुला न विचारता बाहेर बसवलं." मला वाटलं आता तुम्ही त्याला चॉकलेट वगैरे देणार, आणि मी ते घेऊन बाहेर फेकणार. पण तुम्ही काही आणलंच नव्हतं. हात मोकळे होते. तेवढं एक बरं केलंत. मग तुम्ही गेलात. हलवा थापून होईपर्यंत मी थांबा म्हटलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

तुम्ही गेल्यावर तो बाहेर आला. ओट्यापाशी उभा राहिला, खरवड मागितली, ती चाटत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे बाई माझ्यावर रागावल्या नव्हत्या?"

तेव्हा मला कळलं. इतके दिवस त्याला देवबिव, मूर्ती, काही कळलंच नव्हतं. मी इतकं समजावलं, त्यातलं काहीसुद्धा नाही. त्याला वाटत होतं, आपण कायतरी वाईट केलं आणि मोठ्या बाई रागावल्या. काय केलं ते आठवत नाही, म्हणून परत तेच होईल. म्हणून तो शाळेत हात मांडीवर ठेवून बसायचा. म्हणून खुर्चीवर उभं केलं तेव्हा त्याला वाटलं, आता शिक्षा सगळ्यांसमोर. त्या टाळ्यासुद्धा.

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. मला तुमचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता, बाई. पत्रं लिहिताना सुद्धा नव्हता आला. आणि हेही खरं की तुम्ही दाराबाहेर उभ्या राहून ते बोलला नसता, तर त्याने मला कधीच विचारलं नसतं.

त्यानंतरचं सगळं काही तुमच्यामुळे झालं नाही. बरंचसं भूमिकामुळे झालं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिची आई मूर्तींच्या डोळ्यांचे ब्रश धूत होती. भूमिका म्हणाली, ताई, मला तेव्हाच तुम्हाला विचारायचं होतं, पण मी नवी होते. मी म्हटलं, आता विचार. तर तिने नथूची नाही, माझी चौकशी केली, की तुम्ही लहानपणी शाळेत कशा रुळलात? मी तिला बाहुलीच्या लग्नाचं सांगितलं. ते कुणी घेतलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

सीझन संपल्यावर उरलेला शाडू तिने घरून आणला आणि वर्गाच्या कोपऱ्यात टबात ठेवला. कुणीही जावं, काहीही करावं, काही केलं नाही तरी चालेल. नथू पहिले काही दिवस टबाच्या बाजूने लांबून चालायचा. मग एक बोट बुडवलं. परवा त्याने वडखळच्या नाक्यावर असतो तसला डंपर केला. चार चाकं लावून झाल्यावर पाचवं लावलं, स्टेपनी म्हणून. घरी आणला नाही. वर्गातच ठेवायचाय म्हणाला.

तुम्ही भूमिकाची माफी मागितलीत, हे मला कळलं. ऑफिसात, दार लावून. गेटवर नाही. ते तुम्हाला जमलं नाही, आणि मी ते सोडणार नाही. ती म्हणते जाऊ दे ताई. ती म्हणो. त्या आयांना अजूनही वाटतं की चूक हमरापूरच्या पोरीची होती.

आता अनयचं. गुरुवारी भूमिकाचा फोन आला. घाबरलेल्या आवाजात म्हणाली, ताई, नथूने अनयला ढकललं, तो बाकाच्या कडेवर पडला, रक्त आलं. मी विचारलं, का ढकललं? ती म्हणाली, तो सांगत नाहीये. मी पदर खोचला आणि तशीच धावत गेले.

वर्गात गेले तर अनय रडत होता, चंद्रावतीमावशी त्याच्या कोपराला हळद लावत होत्या, आणि नथू खिडकीखालच्या बसायच्या पट्टीवर मांडी घालून बसला होता. दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरून. चेहरा लाल. मी त्याच्यासमोर बसले. विचारलं, काय झालं रे? तो माझ्याकडे न बघता अनयकडे बघून ओरडला, "ही माझी जागा हाय. मी रोज इथे बसतो. त्याला म्हटलं ऊठ, तर उठत नाय."

अनय रडत रडत म्हणाला, "ही शाळा माझ्या आजीची हाय."

"शाळा असू दे," नथू म्हणाला, "जागा माझी हाय."

भूमिकाने दोघांना ओरडलं. चांगलं कडक ओरडलं. नथूला म्हणाली, ढकलायचं नाही, कळलं का, पुन्हा ढकललंस तर खेळ बंद. तो रडायला लागला. मी वर्गाबाहेर आले. व्हरांड्यात त्या जाळीपाशी उभी राहिले आणि मलाही रडू आलं. मावशी मागून आल्या. त्यांना वाटलं मला लाज वाटली. म्हणाल्या, "जाऊ दे गो, पोरां हायत, उंद्या एका डब्यात जेवतील." मला लाज वाटली नव्हती. जूनपासून त्या शाळेत त्याने पहिल्यांदा काहीतरी माझं म्हटलं होतं, आणि त्यासाठी पहिल्यांदा ओरडा खाल्ला होता.

तर बाई, सॉरी तो म्हणेल. उद्या मी त्याला घेऊन तुमच्या घरी येते. ढकललं, लागलं, त्याबद्दल तो अनयला सॉरी म्हणेल, आणि नाही म्हणाला तर मी म्हणायला लावीन. मुलाला लागलं आहे, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण तो जागेबद्दल सॉरी म्हणणार नाही. ते त्याला कुणी म्हणायला लावू नका, अनयच्या आजीनेही नाही. सुट्टी संपली की तो तिथेच बसेल. अनयला हवी असेल तर त्याने मागावी, भांडावी, दोघांनी ठरवावं.

आमच्याबद्दलही सांगते, कारण तुम्ही विचारणारच. अब्राहमचा फोन येतो. तिकडे युद्ध पेटल्याला वर्ष झालं, तेव्हापासून फोन वाजला की आईचा जीव घाबरा होतो. तो बोलावतो, डॅनियल ऐकून घेतो. पुढच्या वर्षी काय होईल ते मला ठाऊक नाही, तुम्हाला तुमचं ठाऊक आहे का? पण मुलगा रुळला नाही म्हणून आम्ही गेलो, असं होणार नाही. ते मी होऊ देणार नाही.

माझा राग गेलेला नाही. मला वाटलं होतं तिसऱ्या पत्रापर्यंत जाईल. तुम्ही दाराबाहेर उभ्या राहिलात तेव्हा थोडा हलला, गेटवर आला नाहीत तेव्हा परत जागेवर बसला. तुमच्याकडून मी जास्त मागते, हे मला कळतं. कमी मागायला तुम्ही मला शिकवलं नाहीत.

उद्या चारच्या सुमाराला येते. चहा टाकू नका, आधी मुलांचं होऊ दे.

तुमच्यावर रागावलेली, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणावर इतकं रागावता न येणारी,
तुमचीच
दीना